सातशे ऐंशी किलोंची घट

सोमवारी सकाळी सहा वाजता शाहूपुरीतल्या त्या जिन्यावर मुंगीला शिरायला जागा नसायची. खाली भांड्यांचं दुकान, वर एक लांबट हॉल आणि हॉलच्या टोकाला गादीवर बसलेले भारहरण महाराज. जिन्यावर ताटकळणाऱ्या मंडळींचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची धाकधूक. महाराजांसमोर पितळी कठड्याचा वजनकाटा होता. त्यावर डोळे मिटून, हात जोडून उभं राहायचं. आकडा दिसायचा तो फक्त काट्यामागे बसलेल्या अमरसिंहाला, महाराजांच्या पट्टशिष्याला. तो वहीत बघायचा, मनातल्या मनात वजाबाकी करायचा आणि खणखणीत आवाजात पुकारा करायचा.

"झुंबरबाई. घट दोन किलो चारशे."

हॉल टाळ्यांनी दणाणला. झुंबरबाई म्हणजे खालच्या भांड्यांच्या दुकानाची मालकीण. शनिवार-रविवारात काय काय खाल्लं ते तिनंच जिन्यावर सगळ्यांना ऐकवलं होतं: दोन मिसळी, एका बारशाचं जेवण आणि भाच्याच्या वाढदिवसाचा अर्धा केक. तरी घट दोन किलो चारशे. तिच्या कार्डावर दहा आठवड्यांच्या घटीची बेरीज आता बावीस किलोंवर गेली होती.

"डॉक्टर म्हणतो, शनिवार-रविवार जिभेला कुलूप घाला," महाराज डोळे अर्धे मिटून बोलू लागले. "जिमवाला म्हणतो, पळा. आम्ही काय म्हणतो? खावा. पुरणपोळी खावा, श्रीखंड खावा, पिझ्झा खावा. खाणार तुम्ही, भार येणार आमच्या अंगावर." असं म्हणून त्यांनी आपल्या पोटावरून हात फिरवला. ते पोट मांडीवर येऊन विसावलं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर लोक त्याला ढेरी म्हणाले असते. महाराजांचं होतं, म्हणून तो भक्तांचा भार होता.

"दीपाताई मगदूम," अमरसिंहानं पुकारलं.

दीपा काट्यावर चढली. तिनं डोळे मिटले. बाकीच्या बायका साडीच्या काठासाठी आणि लग्नातल्या फोटोंसाठी आल्या होत्या. दीपा आली होती ती नवऱ्याच्या जिवासाठी.

सम्मेद मगदूम हायस्कूलात गणित शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर जोडून घेतलेली शीर दोनदा बंद पडली होती, तिसऱ्यांदा नवी केली होती, आणि ती किती दिवस चालेल याची खात्री कुणी देत नव्हतं. दीपाचा रक्तगट जुळला. किडनी द्यायला ती एका पायावर तयार होती. पण तिचं वजन शहाऐंशी किलो. डॉक्टर नंदिनी सरळ म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरच्या खाली या, मग बोलू. या वजनात ऑपरेशनला धोका आहे, आणि पुढं एका किडनीवर तुम्हाला आयुष्य काढायचं आहे. आणखी एक पेशंट तयार करून मी काय करू?"

सोमवार ते शुक्रवार दीपा लोखंडासारखी कडक होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती एका वजनकाट्यावर कामाला होती. भरलेले ट्रक यायचे, रिकामे जायचे, ती पावत्या फाडायची. डब्यात एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. दुपारी पत्र्याच्या शेडला तीन फेऱ्या. घोडं पेंड खायचं ते शनिवारी-रविवारी.

कारण शनिवारी-रविवारी माणसं सम्मेदला बघायला यायची. आजरा, निपाणी, सांगलीहून. आजारी माणसाला बघायला आलेल्या पावण्याला उपाशी लावून दिलं तर मगदुमांचं नाक कापलं जाणार, असं सासूबाई राजमतींचं ठाम मत. घरात त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा पातेलंभर मसालेभात टाकायच्या, परातभर शिरा करायच्या. पावणे निम्मं खाऊन निघून जायचे. घर जैन, अव्वा जुन्या वळणाच्या. सूर्यास्तानंतर तोंडात पाण्याचा थेंब नाही, रात्रीचं शिळं दुसऱ्या दिवशी चालत नाही, आणि अन्न टाकलं तर पाप. म्हणून दर शनिवारी-रविवारी दिवस मावळायच्या आत ती पातेली रिकामी करायचं काम एकाच माणसाकडं यायचं. पाच दिवसांत घामानं घालवलेलं दीपा दोन दिवसांत चमच्यानं परत घ्यायची. दोन महिने गेले, वजन जागचं हललं नाही. न्हाणीघरात नळ सोडून ती रडायची. आपला नवरा आपल्या जिभेपायी मरणार, असं तिला वाटू लागलं होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला कुणीही कुठंही नेऊ शकतं.

तिला इथं आणलं ते महाराजांच्या कीर्तीनं. नियम सोपे होते. शनिवारी दिवस मावळायच्या आत हॉलवर महाप्रसाद घ्यायचा, वर दोन तांबे तीर्थ प्यायचं आणि जरीच्या साडीत, सगळे दागिने घालून वजन करायचं. हा संकल्प. रविवारी हवं ते खायचं. रविवारी सूर्यास्ताआधी एक पुडी कोमट पाण्यातून घ्यायची, मग सोमवारपर्यंत पाणीसुद्धा नाही. सोमवारी सकाळी साध्या सुती कपड्यात पुन्हा वजन. ही सिद्धी. दुसऱ्या कुठल्याही काट्यावर पाय ठेवला की साधना भंगली. सूर्यास्ताचा नियम ऐकून दीपाला महाराज आपल्यातलेच वाटले. घरात जन्मभर पाळलेलंच तर ते सांगत होते.

तरीही ती वजनकाट्यावरची बाई होती, इतकी भोळी नव्हती. ट्रक ड्रायव्हर रिकाम्या गाडीचं वजन करताना केबिनमध्ये चार माणसं लपवून बसवतात, हे तिनं स्वतः पकडलं होतं. दुसऱ्याच शनिवारी ती कामावरचं सरकारी शिक्क्याचं वीस किलोंचं वजन रिक्षात घालून घेऊन आली.

"महाराज, काटा तपासायचा हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

अमरसिंहाचा चेहरा उतरला. महाराज मात्र हसले. "तपासा की, ताई. सत्याला कसली भीती?"

वीस किलोंना वीस किलो. सोमवारी सकाळी तिनं पुन्हा तपासलं. वीस किलो, एका ग्रॅमचा फरक नाही. काटा शंभर नंबरी खरा होता. त्या दिवसापासून दीपाची शंका संपली, आणि महाराजांना फुकटात जाहिरात मिळाली. "एमआयडीसीच्या वजनकाट्यावरच्या ताईंनी शिक्क्याचं वजन लावून तपासलेला काटा," असं ते दर शनिवारी सांगू लागले. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तिच्या गल्लीतल्या अकरा बायका आल्या. ज्या बाईनं कुठल्या ड्रायव्हरचा शब्द आकडा बघितल्याशिवाय कधी घेतला नव्हता, ती आता स्वतःच्या वजनाला डोळे मिटून उभी राहत होती. आकडा न बघण्यात तिला केवढं सुख होतं, हे तिला कुणी विचारलंच नाही.

"घट दोन किलो शंभर," अमरसिंह ओरडला. "सहा आठवड्यांची बेरीज तेरा किलो दोनशे."

तेरा किलो. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. शहाऐंशीतून तेरा गेले. म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या कितीतरी खाली. जिना उतरताना तिला किंचित गरगरलं, रविवारच्या पुडीनं रात्रभर आठ-नऊ वेळा उठवलं होतं. पण भार जातोय म्हटल्यावर तो असा जाणारच की. ती तशीच दवाखान्यात गेली. सम्मेदला डायलिसिसला लावलं, स्वतःचं रक्त तपासायला दिलं आणि दुपारी डॉक्टर नंदिनींच्या खोलीत ताठ मानेनं शिरली.

नंदिनींनी तिला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. दीपानं सवयीनं डोळे मिटले.

"पंच्याऐंशी किलो चारशे," नंदिनी म्हणाल्या.

दीपाला वाटलं, दवाखान्याचा काटा बिघडलाय. तिनं पर्समधून कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं. नंदिनींनी ते वाचलं, मग रक्ताचा अहवाल उलगडला.

"तुमचं क्रिएटिनिन वाढलंय. पोटॅशियम खाली गेलंय. दोन महिन्यांपूर्वी तुमची किडनी ठणठणीत होती. काय घेताय तुम्ही?"

दीपानं पुडीचं सांगितलं. पर्समध्ये एक शिल्लक होती, ती दिली.

"जुलाबाचं औषध असणार, आणि बहुतेक लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची पूड," नंदिनींचा आवाज थंड होता. "मी ही तपासायला पाठवते. ताई, दर रविवारी तुम्ही शरीरातलं पाणी पिळून काढलंत. जी किडनी तुम्ही नवऱ्याला देणार, तिलाच मारत होता तुम्ही. आज हे बंद केलंत तर ती सावरेल, असं मला वाटतं. आणखी दोन-तीन महिने चाललं असतं तर मी तुम्हाला कायमचं नाही म्हटलं असतं."

दीपा बाहेर बाकावर येऊन बसली. तिला रडूही येईना. वजन होतं तिथंच होतं, किडनी बिघडली होती, दिवस वाया गेले होते, आणि आत मशीनला लावलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला तिनं सांगितलं होतं की ती योगाच्या वर्गाला जाते.

संध्याकाळी घरी तिनं सगळं सांगितलं. सम्मेद कॉटवर पडून ऐकत होता. त्यानं कार्ड हातात घेतलं. सहा आकडे, खाली बेरीज. तो कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. दीपाला वाटलं रडतोय. तो हसत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो असा हसत होता.

"अहो, हसताय काय? माझं डोकं फिरायची येळ आलीया."

"माझी वही दे."

डायलिसिसची वही. दर खेपेला आधीचं वजन, नंतरचं वजन. त्यानं आजचं पान उघडलं. "हे बघ. सकाळी चौसष्ट पॉईंट पाच. चार तासांनी बासष्ट. घट अडीच किलो. आठवड्याला तीन खेपा, वर्षाला बावन्न आठवडे, दोन वर्षं." शाळेतल्यासारखी त्याची बोटं हवेत फिरली. "सातशे ऐंशी किलो. दीपा, माझी दोन वर्षांत सातशे ऐंशी किलो घट झालीया. मी हाय कुठं मग?"

दीपानं वही ओढून घेतली आणि ते पान पुन्हा वाचलं.

"अंगात साठलेलं पाणी मशीन काढतंय," तो हळूच म्हणाला. "परवा पुन्हा साठतंय. घटीचीच बेरीज केली आणि वाढ लिहिलीच न्हाई, तर हत्ती बी हवेत उडंल. आणि तू सांग, भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक, तुला ह्यातला फरक मी सांगायचा व्हय?"

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शनिवारी संध्याकाळी पोटात महाप्रसाद, वर दोन तांबे तीर्थ, अंगावर जरीची साडी, पाटल्या, मोहनमाळ. सोमवारी सकाळी पोट रिकामं, सगळी रात्र पाण्याशिवाय, जुलाबानं धुवून निघालेलं, अंगावर पातळ सुती साडी. महाराजांनी काट्याला हातच लावला नव्हता. त्यांना लावायची गरजच नव्हती. तिनं काटा दोनदा तपासला आणि घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही. सूर्यास्तानंतर पाणी न पिणं हा अव्वांचा धर्म होता, महाराजांनी त्याचा धंदा केला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पदर तोंडाला लावला.

"त्या अकरा बायकांना मी नेलं," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर आल्या त्या."

"मग शनिवारी जाऊया."

शनिवारी साडेचारला सम्मेद शाहूपुरीचा तो जिना चढला. दर चार पायऱ्यांवर थांबत, भिंतीला टेकत. हॉलमध्ये महाप्रसादाची पानं मांडली जात होती, शंभरेक माणूस बसलं होतं. महाराजांनी दीपाला बघितलं. "या, ताई. मंडळी, ह्याच त्या वजनकाट्यावरच्या ताई."

"व्हय, मीच ती," दीपा म्हणाली. "हा काटा खरा हाय, असं मी तुम्हाला सांगितलंतं. ते खरंच हाय. काटा खराच हाय. येळ लबाड हाय. माझ्या काट्यावर भरलेला ट्रक अठरा टन येतोय, माल उतरवून आठ टन जातोय. ट्रक बारीक झाला म्हणून कुणी त्याला हार घालतं व्हय?"

कुजबुज झाली. अमरसिंह उठून उभा राहिला. महाराजांनी त्याला हातानं थांबवलं आणि आवाजात मध ओतला. "श्रद्धा डळमळली की सिद्धी पळते. सोमवार ते शुक्रवार जे वाढतं ते तुमच्या कर्माचं. शनिवार-रविवारी घटतं ते आमच्या कृपेचं."

"मग माझी घट बी पुकारा की," सम्मेद वही उघडत म्हणाला. तो खुर्चीवर बसूनच बोलत होता, पण वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. "सातशे ऐंशी किलो. पुडी न्हाय, तीर्थ न्हाय. मशीनला लागलेला किडनीचा पेशंट हाय मी. तुमच्या हिशेबानं ह्या गादीवर मी बसाय पाहिजे."

कुणीतरी फिसकन हसलं. झुंबरबाई हसली नाही. ती उठून सरळ काट्याकडं गेली.

"बाई, महाप्रसादाआधी चढायचं नसतं," अमरसिंह आडवा आला.

"माझ्या दुकानात रोज काट्यावर भांडी जोखती मी. हो बाजूला." झुंबरबाई चढली आणि वाकून, डोळे उघडे ठेवून आकडा वाचला. "चौऱ्याण्णव पॉईंट एक." मग तिनं तीर्थाचे दोन तांबे मागवले. दोन्ही घटाघट रिकामे केले, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा चढली. "पंच्याण्णव पॉईंट नऊ." "दोन मिन्टात मला पावणेदोन किलो चरबी चढली व्हय रे? वही दाव. दहा आठवड्यांमागं शनिवारी मी किती होते ते बघू."

अमरसिंहानं वही पाठीमागं नेली. झुंबरबाईनं ती काढून घेतली आणि पान उलटत मोठ्यानं वाचलं. "पंच्याण्णव पॉईंट सहा." तिनं वही गादीवर टाकली. "बावीस किलो गेलं म्हणून सगळ्या भावकीत सांगितलं मी. तरीच म्हटलं, ब्लाऊज अजून तोच कसा बसतोय."

"तुमचा भार आम्ही आमच्या अंगावर…" महाराजांनी सुरू केलं.

"मग चढा काट्यावर," सम्मेद म्हणाला. "ह्या हॉलातल्या सगळ्यांची घट तुमच्या अंगावर आलीया. म्हंजे दीड-दोन टन तरी भराय पाहिजे. चढा, आम्ही डोळे मिटत न्हाई."

महाराज चढले नाहीत. त्यांची ध्यानाची वेळ झाली होती. दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला, पानं तशीच मांडलेली राहिली. पुढं पुडीचा अहवाल आला. जुलाबाची सोनामुखी आणि लघवीच्या गोळ्यांची पूड, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. महाराजांनी गाव सोडलं, आता म्हणे दुसऱ्या शहरात टकलावर केस उगवून देतात. आणि दीपाच्या गल्लीत दोघीतिघी अजूनही म्हणतात, हिनं दृष्ट लावली म्हणून आमची साधना मोडली. असतात अशी माणसं, त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये.

घरात मात्र अव्वांनी एक काम केलं. पुढच्या शनिवारी आजऱ्याचे पावणे आले तेव्हा त्यांनी मसालेभाताचं पातेलं काढलंच नाही. सगळ्यांसमोर एकेक पेला ताक ठेवलं. "पावणं, रागाला येऊ नका. माझ्या पोराला ह्या पोरीची किडनी लागणार हाय, आणि तुमच्या जेवणात ती वाया चाललीया. तब्येत बघा, ताक प्या, अन् जावा." पावणे चपापले, मग हसले, आणि नाक कुणाचंच कापलं गेलं नाही. रविवारी थोडं उरलं तर दिवस मावळायच्या आत वाटी शेजारी जाऊ लागली. अन्नही वाया गेलं नाही, आणि दीपाच्या पोटात पाप लपवायची वेळही आली नाही.

सहा आठवड्यांनी, एका सोमवारी दहा वाजता, ती पुन्हा डॉक्टर नंदिनींच्या काट्यावर चढली. आता दर सोमवारी तीच सुती साडी, तीच वेळ, न्याहारीही तीच. रक्ताचा अहवाल आधीच आला होता, किडनी सावरली होती. सम्मेदची नवी शीर अजून चालू होती, पण किती दिवस, ते आजही कुणाला सांगता येत नव्हतं. त्यामुळं दीपाला घाई होती ती होतीच.

वाचकहो, कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच विचारा: कधी मोजलं, कशात मोजलं, आणि मधलं काय लिहिलं नाही. हे तीन प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही की मास्तर लागत नाही. ज्याला हे प्रश्न ऐकून राग येतो, त्याच्याकडून पाण्याचा तांब्याही घेऊ नका. आणि मुख्य म्हणजे, स्वतःच्याच आकड्याला भिऊन डोळे मिटू नका, कारण असल्या महाराजांचा सगळा संसार आपल्या मिटलेल्या डोळ्यांवर चालतो.

दीपानं खाली बघितलं. ब्याऐंशी किलो सहाशे.

"अजून पावणेपाच," नंदिनी म्हणाल्या.

"दहा आठवडे," दीपा म्हणाली, पर्समधून आपली वही काढली आणि आकडा स्वतःच्या हातानं लिहिला.